पाऊण डॉलरचा हिशेब आणि संगणकतज्ज्ञाची नोंदवही

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यात ७५ सेंटांचा हिशेब लागेना. प्रयोगशाळेचे संगणक अनेक शास्त्रज्ञ सामायिकपणे वापरीत आणि ज्याने जितका वेळ वापरला, तितका आकार त्याच्या नावे मांडला जाई. काही हजार डॉलरांच्या हिशेबात पाऊण डॉलर म्हणजे सोडून देण्याजोगी रक्कम. परंतु संगणक विभागात नुकतेच रुजू झालेले क्लिफर्ड स्टॉल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ होते. निरीक्षणात तफावत आली की ती कितीही लहान असली तरी तिचे कारण शोधायचे आणि जे दिसले ते वेळेसह वहीत लिहायचे, ही सवय त्यांच्या अंगी मुरलेली होती. सुमारे दहा महिने त्यांनी ती वही चालविली. पाऊण डॉलरचा माग काढता काढता ते पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत जाऊन पोहोचले. तेथे बसून अमेरिकी लष्कराच्या संगणकांतील माहिती सोव्हिएत गुप्तचर संघटनेला, म्हणजे केजीबीला, विकणारे एक टोळके त्यातून उजेडात आले.

आज्ञावली लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुरलेल्या माणसाकडे अशी एक नोंदवही असते. कधी ती कागदाची असते, कधी संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यात साठविलेली साधी फाइल असते. कोणती आज्ञा कशासाठी दिली, कोणते साधन कोणत्या आवृत्तीवर अडले, सर्व्हरची किल्ली कधी बदलली, दुपारी वीज गेली तेव्हा काय बंद पडले, उद्या सकाळी पहिले काम कोणते, अशा नोंदी तीत एकाखाली एक येत राहतात. साधने, सुरक्षा आणि रोजचे जगणे यांची तीत सरमिसळ झालेली असते. बाहेरच्या माणसाला हा खासगी पसारा वाटेल. मात्र ज्या यंत्रणांवर आज आपली बँक, रेल्वेचे आरक्षण आणि रुग्णालयातील कागदपत्रे अवलंबून आहेत, त्यांची सुरक्षा पुष्कळदा अशाच एखाद्या नोंदीवर तोलली गेली आहे. या नोंदवहीची परंपरा कोठून आली, तीत काय लिहितात आणि काय कटाक्षाने लिहीत नाहीत, याचा हा आढावा.

वहीत चिकटविलेला पतंग

संगणकाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नोंद ९ सप्टेंबर १९४७ ची आहे. अमेरिकी नौदलासाठी हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ हे अवाढव्य गणनयंत्र उभारण्यात आले होते. ते त्या दिवशी बिघडले. तंत्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा ‘एफ’ क्रमांकाच्या फळीवरील ७० व्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला आढळला. त्यांनी तो चिकटपट्टीने थेट वहीच्या पानावर चिकटविला, शेजारी दुपारी ३ वाजून ४५ मिनिटे ही वेळ लिहिली आणि खराखुरा ‘बग’ सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा आशयाचा मिस्कील शेराही मारला. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात त्याआधीपासूनच होता. एकोणिसाव्या शतकात एडिसन हा शब्द याच अर्थाने वापरीत असत. म्हणूनच तर तंत्रज्ञांना त्या योगायोगाची गंमत वाटली. पतंगासह ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जतन केलेली आहे. बिघाड काय, कोठे आणि किती वाजता, ही नोंदीची तीन अंगे त्या एका पानावर स्पष्ट दिसतात.

हीच शिस्त पुढे डोनाल्ड नुथ यांनी पराकोटीला नेली. गणिती मजकूर सुबक छापता यावा यासाठी त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची आज्ञावली लिहिली. जगभरातील गणिताचे शोधनिबंध आजही मुख्यत्वे तिच्याच आधारे जुळविले जातात. १० मार्च १९७८ पासून या आज्ञावलीत सापडलेली प्रत्येक चूक नुथ यांनी एका यादीत लिहिली. त्या चुकांची पंधरा प्रकारांत वर्गवारी करून १९८९ मध्ये त्यांनी ती यादी शोधनिबंधासह प्रसिद्ध केली. तिच्यात आठशेहून अधिक नोंदी होत्या. विसरभोळेपणा, घाईत झालेली टंकलेखनाची चूक, एका भागाने दुसऱ्या भागाविषयी धरलेला गैरसमज, असे सारे प्रकार त्यांनी स्वतःच्या नावावर जाहीरपणे मांडले. आपली चूक लपविण्यापेक्षा तिची जात ओळखली तर ती पुन्हा होत नाही, ही त्यामागची धारणा होती.

नुथ यांच्या दिनक्रमालाही सुरक्षेचा आणि स्वस्थतेचा असाच स्पर्श आहे. अनेक वर्षे ई-मेल वापरल्यानंतर १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ते बंद केले, कारण त्यांच्या कामाला दीर्घ एकाग्रता लागते. पुस्तकातील चूक दाखविणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश पाठवीत. हे धनादेश वटविण्याऐवजी लोक अभिमानाने चौकटीत लावीत आणि त्यांची छायाचित्रे महाजालावर झळकवीत. धनादेशावर खाते क्रमांक छापलेला असतो आणि त्याच्या आधारे पैसे लुबाडता येतात, हे लक्षात आल्यावर २००८ पासून नुथ एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे पाठवू लागले. कौतुकाने टाकलेल्या छायाचित्रातूनही गुपित फुटते, ही बाब आजच्या वाचकाने ध्यानात ठेवावी अशीच आहे.

कोकिळेचे अंडे

बर्कलीच्या प्रयोगशाळेत नेमके काय घडले होते? ‘हंटर’ या नावाचे एक अनोळखी खाते संगणकावर उघडण्यात आले होते आणि त्याचा आकार कोणाच्याच नावे पडत नव्हता. ‘ईमॅक्स’ या लोकप्रिय मजकूर संपादकासोबत टपाल हलविणारी एक छोटी उपआज्ञावली येत असे. प्रयोगशाळेत ती नको तितके अधिकार देऊन बसविण्यात आली होती. तिच्या आधारे घुसखोराने, दर पाच मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या एका आज्ञावलीच्या जागी स्वतःची बनावट आज्ञावली ठेवली. कावळा कोकिळेचे अंडे आपलेच समजून उबवितो, त्याप्रमाणे संगणकाने ती आपलीच समजून चालविली आणि घुसखोराला सर्वाधिकार मिळाले.

बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० दूरध्वनी वाहिन्यांपैकी घुसखोर नेमका कोणत्या वाहिनीने येतो, हे कळणे आवश्यक होते. एका शुक्रवारी संध्याकाळी सहकारी घरी गेल्यावर स्टॉल यांनी त्यांच्या टेबलांवरील छपाईयंत्रे व संगणक उचलून आणले आणि प्रत्येक वाहिनीला एकेक जोडला. घुसखोराने दाबलेली प्रत्येक कळ आता कागदावर उमटू लागली. संगणकावर नोंदी ठेवल्या असत्या तर घुसखोराने त्या पाहिल्या असत्या अथवा पुसल्या असत्या. कागदापर्यंत मात्र त्याचा हात पोहोचणे शक्य नव्हते. स्टॉल यांनी हस्तलिखित वहीही ठेवली. घुसखोर केव्हा आला, किती वेळ थांबला, कोणत्या संगणकाकडे वळला, कोणत्या अधिकाऱ्याशी काय बोलणे झाले, हे सारे तीत होते. एका संगणकाने पाठविलेला निरोप आणि त्याची पोच यांमधील विलंब मोजून हा माणूस अमेरिकेबाहेर, हजारो मैलांवर असावा, असे अनुमानही त्यांनी बांधले.

घुसखोराने चारशेहून अधिक संगणकांची दारे ठोठावली आणि त्यांपैकी तीसेक उघडली. त्यासाठी त्याला फारसे बुद्धिचातुर्य लागले नाही. कारखान्यातून आलेले मूळचे परवलीचे शब्द अनेक ठिकाणी कोणी बदललेच नव्हते. तो दीर्घकाळ संपर्कात राहावा आणि दूरध्वनी खात्याला माग काढता यावा, म्हणून स्टॉल यांनी क्षेपणास्त्र संरक्षण योजनेविषयीच्या खोट्या फायली रचून ठेवल्या. त्या वाचत घुसखोर गुंतून पडला आणि सापडला. मार्कुस हेस असे त्याचे नाव होते. १९९० मध्ये हेस व त्याच्या साथीदारांना जर्मन न्यायालयाने हेरगिरीबद्दल दोषी ठरविले. स्टॉल यांनी १९८८ मध्ये या शोधावर लेख लिहिला आणि १९८९ मध्ये ‘द ककूज एग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात येणाऱ्यांना ते आजही वाचावयास सांगितले जाते.

दिनक्रमाची पाटी आणि उघडे दार

नोंदवही खासगीच असली पाहिजे असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी १९७१ मध्ये ‘फिंगर’ नावाची आज्ञावली लिहिली. कोण जागेवर आहे, कोण केव्हापासून नाही, हे तिच्यावरून कळे. प्रत्येकाला ‘प्लॅन’ नावाची एक फाइलही ठेवता येई. गावाला जात आहे, सोमवारी परतेन, अशा प्रकारची सूचना तीत असे. घराच्या दारावर खडूने निरोप लिहून ठेवावा, तसाच हा प्रकार होता.

पुढे ‘डूम’ आणि ‘क्वेक’ या खेळांचे जनक जॉन कार्मॅक यांनी १९९६ पासून याच फाइलला रोजनिशीचे रूप दिले. आज पूर्ण झालेल्या कामापुढे तारका, नंतर पूर्ण झालेल्या कामापुढे अधिकचे चिन्ह आणि विचारांती सोडून दिलेल्या कामापुढे उणेचे चिन्ह, एवढीच त्यांची पद्धत होती. सोडून दिलेली कामेही ते खोडून न टाकता नोंदवीत, कारण एखादी गोष्ट आपण का केली नाही, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. खेळांचे असंख्य चाहते या नोंदी नेमाने वाचीत.

परंतु ही सोयच एकदा महागात पडली होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ म्हणजे स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली महाजालभर पसरली. तिने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट ‘फिंगर’ची होती. आलेला निरोप किती लांब आहे हे न तपासता ती तो स्मृतीत उतरवून घेत असे. त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे सहा हजार संगणक ठप्प झाले. तेव्हाच्या महाजालाचा तो जवळजवळ दहावा हिस्सा होता. या घटनेनंतर काही आठवड्यांतच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीला तोंड देणारे पहिले पथक, ‘सर्ट’, स्थापन झाले. भारतातील ‘सर्ट-इन’ ही २००४ मध्ये सुरू झालेली सरकारी संस्था त्याच धर्तीवरची आहे.

जे लिहू नये

नोंदवहीचा पहिला नियम सर्व काही लिहा असा असला, तरी दुसरा नियम त्याला मुरड घालणारा आहे. गुपित उघड्यावर लिहू नये. एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये तयार झालेल्या सामायिक संगणकप्रणालीत परवलीचे शब्द वापरण्यात आले आणि ते सर्व एका फाइलीत जसेच्या तसे ठेवले होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने जादा वेळ मिळावा म्हणून ती फाइल चक्क छापून घेतली. १९६६ मध्ये दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी झळकली.

परवलीचा शब्द आहे तसा साठवू नये, त्याचे एकतर्फी रूपांतर साठवावे, हे तंत्र रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मधील शोधनिबंधात तपशिलाने मांडले. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ परवलीच्या शब्दांपैकी २,८३१ म्हणजे ८६ टक्के शब्द एक तर फार छोटे किंवा सहज ओळखता येण्याजोगे निघाले. हे मॉरिस म्हणजे ‘वर्म’ सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे वडील. १९८८ च्या त्या रात्री ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत वरिष्ठ पदावर होते.

परवलीचा शब्द दर तीन महिन्यांनी बदला, त्यात मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह घाला, या सूचनेने कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे पिडले आहे. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हे नियम जगभर गेले. त्यामुळे लोक शेवटचा अंक तेवढा वाढवीत, असे अनुभवास आले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने हे नियम मागे घेतले. ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, लांबीला महत्त्व द्या आणि चोरीला गेलेल्या शब्दांच्या यादीशी ताडून पाहा, असे तिने सांगितले. आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल बर यांनीही त्या वर्षी जाहीर खेद व्यक्त केला.

मग इतके लांब आणि वेगवेगळे शब्द लक्षात ठेवायचे कसे? सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १९९७ मध्ये ‘पासवर्ड सेफ’ ही आज्ञावली सादर केली. एका मुख्य शब्दाने उघडणाऱ्या कुलूपबंद तिजोरीत बाकीचे सारे शब्द ठेवायचे, अशी तिची रचना आहे. २००३ पासून उपलब्ध असलेली ‘कीपास’ त्याच जातीची आहे. ज्याला हेही जमत नसेल त्याने कठीण शब्द कागदावर लिहून पाकिटात ठेवावा, असे श्नायर यांनी २००५ मध्ये सुचविले, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. लहानसहान मौल्यवान कागद सांभाळण्याची माणसाला सवय असते, आणि हजारो मैलांवरचा चोर आपल्या खिशात हात घालू शकत नाही.

व्यवसायातील मंडळींकडूनही चूक होते. आज्ञावली लिहिताना सोयीसाठी किल्ली तीतच टंकलेली राहते आणि आज्ञावलीसोबत तीही सामायिक साठ्यात जाते. ‘उबर’ या कंपनीच्या बाबतीत २०१६ मध्ये असेच घडले. घुसखोरांना कंपनीच्या खासगी साठ्यात भाड्याच्या सर्व्हरची किल्ली मिळाली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती पडली. कंपनीने हे प्रकरण वर्षभर दडपले. ते लपविल्याबद्दल तिचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयात दोषी ठरले. आज्ञावल्यांचे सर्वांत मोठे कोठार असलेल्या ‘गिटहब’ने फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक साठ्यांत अशी ओळखीची किल्ली जाऊ लागली तर ती आपोआप अडविण्याची व्यवस्था केली आहे.

अर्ध्या सेकंदाचा उशीर

पाऊण डॉलरच्या गोष्टीला अडतीस वर्षांनी जोड मिळाली. आंद्रेस फ्रॉइंड हे ‘पोस्टग्रेस’ या माहितीकोशाच्या विकासकांपैकी एक. २०२४ च्या मार्चमध्ये ते आपल्या आज्ञावलीचा वेग मोजीत होते. अशा मोजणीत संगणकावर इतर काही चालू असता कामा नये. परंतु दुरून प्रवेश देणारी ‘एसएसएच’ ही यंत्रणा अपयशी प्रवेशाच्या प्रयत्नांनाही अपेक्षेपेक्षा जास्त शक्ती खाताना त्यांना दिसली. पूर्वी ०.२९९ सेकंद घेणारी क्रिया ०.८०७ सेकंद घेत होती. काही आठवड्यांपूर्वी चाचण्यांमध्ये दिसलेल्या काही विचित्र तक्रारीही त्यांना आठवल्या. हे दोन धागे जोडल्यावर दोष ‘एक्सझेड’ या माहिती आवळून ठेवणाऱ्या साध्या साधनात असल्याचे निघाले.

‘एसएसएच’चा जन्मच मुळी चोरीतून झाला होता. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द टिपण्याचा प्रकार उघडकीस आल्यावर तातू युलोनेन यांनी ती तयार केली. आज जगातील बहुसंख्य सर्व्हरांचे दार तीच राखते. ‘एक्सझेड’च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडविलेली चोरवाट या दारालाच भगदाड पाडणारी होती. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणा व्यक्तीने वा गटाने २०२१ पासून उपयुक्त कामे करीत विश्वास संपादन केला होता. हे साधन लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळीत. प्रकृती व वेळ यांच्या मर्यादा त्यांनी जाहीरपणे सांगितल्या होत्या. काम मंद चालल्याच्या तक्रारींचा त्यांच्यावर मारा होत राहिला आणि मदतीचा हात म्हणून हा नवा सहकारी पुढे आला. हळूहळू त्याच्याकडे सूत्रे गेली.

२९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी जाहीर इशारा दिला. या दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण देण्यात आले. सदोष आवृत्त्या तोवर प्रामुख्याने चाचणीच्या टप्प्यावरील प्रणालींतच पोहोचल्या होत्या. आणखी काही महिने गेले असते तर त्या जगभरच्या सर्व्हरांवर बसल्या असत्या. आकडे टिपणारा आणि पूर्वीचे विसरून न जाणारा एक माणूस होता, म्हणून हे टळले. फावल्या वेळात जगाचा भार वाहणाऱ्या माणसाच्या थकव्याची दखल मात्र वेळीच कोणी घेतली नव्हती. विकासकाच्या नोंदवहीत झोप, आजारपण आणि कामाचा ताण यांनाही जागा असावी, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

टिकणारा मजकूर आणि जुळणारे घड्याळ

नोंद ठेवायची तर ती वीस वर्षांनी वाचता आली पाहिजे. यासाठी विकासक साध्या मजकुराच्या फाइलीला पसंती देतात, कारण ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकात उघडते. ॲमस्टरडॅमचे कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ‘ऑर्ग मोड’ ही नोंदींची पद्धत साध्या मजकुरावरच आधारलेली आहे. योगायोग असा, की तेही खगोलशास्त्रज्ञच. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले ‘गिट’ हे साधन अशा फायलींतील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला, याचा माग ठेवते.

मराठी वाचकांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींतून टंकलेला मजकूर ज्याच्याकडे तो विशिष्ट टंक नसेल त्याला निरर्थक चिन्हांची रांग वाटे. अनेक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनाही आपापला टंक वाचकांच्या संगणकावर उतरवावा लागे. त्या काळातील कितीतरी हस्तलिखिते, पत्रव्यवहार आणि कार्यालयीन टिपणे आज रूपांतर केल्यावाचून वाचता येत नाहीत. शब्द जपले, पण त्यांची लिपी एका कंपनीच्या टंकात अडकून पडली.

दुसरी अट घड्याळाची. दोन संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असेल तर आधी दार फुटले की आधी खाते रिकामे झाले, हे ठरविता येत नाही. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात यासाठीच संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळती ठेवण्यास सांगितले आहे. संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि घुसखोरीची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी, असेही हा आदेश सांगतो. स्टॉल यांनी जे स्वयंप्रेरणेने केले, ते आता कायद्याने बंधनकारक आहे.

घरातील नोंदवहीसाठी

ज्यांचा आज्ञावल्यांशी संबंध नाही, त्यांनाही या शिस्तीतून काही घेता येईल. पुढील बाबी एका वहीत लिहून ठेवणे प्रत्येक कुटुंबास शक्य आहे.

१. कोणती खाती कोणत्या बँकेत आहेत, कोणत्या सेवेला कोणता भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल जोडलेला आहे. परवलीचे शब्द, पिन आणि एकदाच वापरावयाचा ओटीपी मात्र या वहीत लिहू नयेत.

२. परवलीच्या शब्दांसाठी कुलूपबंद तिजोरीसारखी आज्ञावली वापरावी. ते जमत नसेल तर वेगळा कागद करून तो दागिन्यांच्या किंवा मालमत्तेच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीत काढून ठेवू नये.

३. घरातील वायफाय यंत्राचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलल्याची तारीख.

४. छायाचित्रे व महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची उघडून कधी पाहिली. उघडून न पाहिलेली प्रत ऐनवेळी दगा देऊ शकते.

५. काही विचित्र घडले तर तारीख, वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. रक्कम पुढील खात्यांत वळण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते आणि तेव्हा हेच तपशील विचारले जातात.

६. ही वही कोठे आहे, हे घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे. कर्ता माणूस अचानक गेल्यावर खाती शोधत बसण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते.

वहीला फार मोठी बुद्धी लागत नाही. खात्यातून गेलेले दहा रुपये, न मागता आलेला एखादा ओटीपी, नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा उघडलेले दार, अशा गोष्टी दिसल्या तर त्या वेळेसह लिहून ठेवाव्यात. नंतर त्या निरुपद्रवी ठरल्या तरी बिघडत नाही. बर्कलीच्या प्रयोगशाळेतील पाऊण डॉलरही प्रथमदर्शनी तसाच वाटला होता.